चूकभूल द्यावी घ्यावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या एका जुन्या पेढीवर पन्नास वर्षांपूर्वी रोजचा एक क्रम ठरलेला असे. दुपारचे सौदे आटोपले की अण्णा लोडाला टेकून बसत आणि दिवाणजींना हाक मारत. दिवाणजी मांडीवर उतरते डेस्क घेत, चष्मा पुसत आणि कागदाच्या माथ्यावर तिथी व तारीख घालत. मग अण्णा सांगत आणि दिवाणजी लिहीत. परगावच्या व्यापाऱ्याला नमुन्याची हळद पाठवल्याचे पत्र, बँकेला हुंडीबाबतचे पत्र, नात्यातल्या लग्नाला येता येत नसल्याबद्दलचे पत्र, सारी याच रीतीने तयार होत. एखादे वजनदार वाक्य आले की दिवाणजी लेखणी कागदावर टेकवण्यापूर्वी क्षणभर थांबत आणि विचारत, "असंच लिहू?"

अण्णा तेव्हा पंचविशीत होते, वडिलांच्या पश्चात नुकतेच गादीवर बसलेले. एकदा एका थकबाकीदार व्यापाऱ्याला उद्देशून त्यांनी रागाने सांगितले, "लिहा, आजपासून आपला-आमचा व्यवहार बंद." दिवाणजींची लेखणी हवेतच राहिली. "असंच लिहू?" अण्णा काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहा, सोयीने हिशेब पाहून कळवावे." तो व्यापारी पुढे तीस वर्षे त्या पेढीचा ग्राहक राहिला. दिवाणजींच्या त्या प्रश्नाची किंमत अण्णांनी कुठल्या वहीत मांडली नव्हती. ती पुरती कळायला मध्ये अर्धे शतक जावे लागले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे कुटुंब तीन गावांत विखुरलेले होते. अण्णा, थोरला मुलगा आणि सून सांगलीत, धाकटा मुलगा पुण्यात मसाल्याच्या पॅकिंगच्या कामात, आणि दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा, आपल्या आईसह, हुबळीच्या दुकानात. येणे-जाणे बंद झाले म्हणून रविवारी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, सगळ्यांनी पडद्यावर भेटायचे ठरले. टाळेबंदी उठली तरी रविवारची बैठक चालूच राहिली. भाव, येणी, गोदाम, मुलांच्या परीक्षा, काकींचा गुडघा असे सारे विषय तीत येत. जो हजर नसेल त्याला नंतर ऐकता यावे म्हणून सुनेने बैठकीचे ध्वनिमुद्रण सुरू केले.

ध्वनिमुद्रण करणे सोपे असते आणि ऐकणे अवघड, हे लवकरच लक्षात आले. दीड तासाच्या बैठकीतला दोन मिनिटांचा निर्णय शोधायला दीड तासच लागतो. सहा महिन्यांची मुद्रणे साठली, ऐकली एकही गेली नाही. तेव्हा धाकट्या मुलाने सुचवले की बोलण्याचे लेखी रूप करून देणारी सेवा घ्यावी. मुद्रण चढवायचे, काही मिनिटांत छापील मजकूर हाती येतो, कोण केव्हा काय बोलले हे नावानिशी आणि वेळेनिशी दिसते, आणि तो मजकूर आपोआप सर्वांच्या ईमेलवर जातो. अण्णांना ही कल्पना फार आवडली. ते म्हणाले, "म्हणजे दिवाणजीच परत आले म्हणायचे."

बोललेले शब्द लेखनिकावाचून कागदावर यावेत ही इच्छा जुनी आहे. वेगाने लिहिण्याची सोय म्हणून महाराष्ट्रात मोडी लिपी रूढ झाली, लेखणी शक्यतो न उचलता लिहिता येणारी, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापाऱ्यांच्या वह्या तीत लिहिल्या गेल्या. इंग्लंडमध्ये पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली लघुलिपी प्रसिद्ध केली. एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना गाण्याच्याही आधी पहिले स्थान दिले ते लघुलेखकाच्या मदतीविना पत्रे सांगण्याला. १९०७ मध्ये 'डिक्टाफोन' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले, आणि पुढे साहेबांनी यंत्रात बोलावे व टंकलेखिकेने पायाने कळ दाबत, थांबवत, मागे नेत ते उतरवावे अशी रीत कचेऱ्यांत रुळली. या प्रत्येक पायरीवर शेवटी कोणीतरी माणूस ऐकत होता. तो माणूस अलीकडे गळून पडला आहे.

पहिले काही रविवार मजकुराने सर्वांची करमणूक केली. 'बारदान वेगळे धरले' याचे 'वरदान वेगळे धरले' झाले. 'तोलाई' फुटून 'तो लाई' झाली. अण्णांनी हरिपूरच्या पेवांची आठवण सांगितली, कृष्णाकाठच्या त्या जमिनीतील खोल खड्ड्यांत हळद कशी साठवत, २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून केवढी हानी झाली. यंत्राने लिहिले, 'हरिपूरच्या पेयात हळद साठवत.' नातवंडे हसून लोळली आणि हळदीच्या दुधाला घरात काही दिवस 'हरिपूरचे पेय' असे नाव पडले.

हसण्यासारखे नव्हते ते आकडे. मराठी व्यापारी पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन अशा भाषेत बोलतो. 'पावणेचौदा हजार' म्हणजे क्विंटलला १३,७५० रुपये. यंत्राने 'पावणे' गाळून 'चौदा हजार' लिहिले. क्विंटलमागे २५० रुपयांचा फरक, शंभर क्विंटलांवर २५,००० रुपयांचा. सौद्याची नोंद वेगळी असल्यामुळे नुकसान झाले नाही, पण थोरल्या मुलाने त्या दिवसापासून मजकुरातील आकडा पाहून कोणाला भाव कळवायचा नाही असे ठरवले. पुन्हा घरातली भाषाही एक नव्हती. वाक्य मराठीत सुरू होई, ग्राहकाचे बोलणे सांगताना हिंदीत शिरे, कर्जाचे शब्द इंग्रजीत येत आणि हुबळीकरांच्या तोंडी मध्येच कन्नड उमटे. यंत्राला एकच भाषा निवडून दिलेली असल्याने उरलेल्या तीन भाषांतले शब्दही ते मराठीच समजून लिहून टाकी.

यात यंत्राचा काही खोडसाळपणा नाही. आलेल्या ध्वनीशी आणि आजूबाजूच्या शब्दांशी सर्वांत जास्त जुळेल असा शब्द ते निवडते. ज्या लिखाणावर ते तयार झाले त्यात 'बारदान' क्वचित आणि 'वरदान' वारंवार आले असेल, तर ते 'वरदान'च लिहिणार. शब्दाशब्दाबद्दल त्याची खात्री किती आहे याचा आकडा आत कुठेतरी मांडलेला असतो, पण हाती येणाऱ्या मजकुरात तो सहसा दिसत नाही. खात्रीचा शब्द आणि अंदाजाचा शब्द दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात, सारख्याच सुबक ओळीत उतरतात. आणि व्यापारी घरात छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची असते.

घाला आला तो याच सवयीवर. भाद्रपदातल्या एका रविवारी बेदाण्याच्या नव्या शीतगृहाचा विषय होता. बँकेचे कर्ज मंजूर होत आले होते आणि वाटे ठरायचे होते. पुतण्याच्या मुलीला ताप असल्याने तो आणि काकी त्या दिवशी बैठकीला नव्हते. अण्णा म्हणाले, "शीतगृहात हुबळीकरांचा वाटा ठेवायचा नाही, असं माझं म्हणणं नाही. वाटा ठेवायचाच. फक्त कर्ज फिटेपर्यंत कोणी नफा उचलू नये." पण 'म्हणणं' हा शब्द उच्चारला जाताच पुण्याहून धाकटा मुलगा बोलू लागला. त्याला वाटले अण्णांचे वाक्य संपले. "ठीक आहे, शुक्रवारपर्यंत कागद तयार करतो," तो म्हणाला, आणि पुढे बँकेच्या कागदांबद्दल बोलत राहिला. दोन आवाज एकमेकांवर चढले. यंत्राने जवळचा आणि मोठा आवाज धरला.

मजकुरात उतरले ते असे: 'अण्णा: शीतगृहात हुबळीकरांचा वाटा ठेवायचा नाही, असं माझं म्हणणं.' आणि त्याखाली धाकट्या मुलाच्या नावापुढे, 'ठीक आहे, शुक्रवारपर्यंत कागद तयार करतो.'

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेवटचा शब्द गळला की होकाराचा नकार आणि नकाराचा होकार होतो, आणि उरलेले वाक्य व्याकरणाने अगदी निर्दोष दिसते. बैठकीला जे हजर होते त्यांनी अण्णांचे बोलणे कानाने ऐकले होते, म्हणून मजकूर वाचण्याची गरज कोणालाच भासली नाही. जो हजर नव्हता त्या एकट्याने तो वाचला, आणि त्यातली चूक ओळखण्याचे कोणतेही साधन नेमके त्याच्यापाशी नव्हते.

पुतण्याने काही विचारले नाही. त्याच्या वडिलांनी याच पेढीवर तीस वर्षे पोत्यांच्या थप्प्यांमध्ये काढली होती. पहिल्या गोदामाच्या वेळी रक्कम कमी पडली तेव्हा काकींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. आपला वाटा असावा हे मागण्याची वेळ यावी, याचेच त्याला दुःख झाले. माल वेळेवर जात होता, हिशेब पैचाही चुकत नव्हता. पण रविवारी सात वाजता हुबळीचा चौकोन पडद्यावर दिसेनासा झाला. कधी वीज नव्हती, कधी दुकानात गर्दी होती. फोनवरची उत्तरे 'मिळाले', 'पाठवतो' एवढ्यावर आली. सांगलीकरांना वाटले, कामाचा ताण असेल. त्यांनीही काही विचारले नाही.

दिवाळीत वहीपूजनाला काकी एकट्याच आल्या. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडत होते. पूजा झाली, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले, मुलांना खाऊ वाटून झाला. स्वयंपाकघरात भांडी आवरताना काकी सुनेला हळू आवाजात म्हणाल्या, "वाटा नको द्यायचा तर नको देऊ देत गं. पण एवढं छापून पाठवलंत, अण्णांनी तोंडानं सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?"

सुनेला काहीच उमगेना. तिने काकींकडून पुतण्याच्या फोनवरील तो मजकूर मागवून घेतला, ती ओळ वाचली, आणि हातातले फडके तसेच ओट्यावर टाकून ती संगणकापाशी गेली. साठवणीची जागा भरू नये म्हणून नव्वद दिवसांनी मुद्रण आपोआप पुसले जावे, अशी मुदत तिनेच घालून ठेवली होती. त्यातले काही दिवस अजून उरले होते. ओळीपुढे दिलेली वेळ पाहून तिने तो भाग कानांत यंत्र घालून ऐकला. पहिल्यांदा धाकट्या दिराचाच आवाज आला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तिने डोळे मिटून फक्त अण्णांच्या घोगऱ्या आवाजाकडे लक्ष दिले, तेव्हा कागदांविषयीच्या बोलण्याखाली दबलेले दोन अक्षरी 'नाही' तिला ऐकू आले. आणि मागोमाग, पुसट पण स्पष्ट, 'वाटा ठेवायचाच.'

धाकटा मुलगा म्हणाला, तेवढा तुकडा कापून लगेच हुबळीला पाठवू. अण्णांनी मान हलवली. "तुकड्यानंच घात केला. आता पुन्हा तुकडा पाठवायचा नाही. पाठवायची तर सगळी बैठक." ती पाठवली गेलीच. पण तिच्या भरवशावर अण्णा थांबले नाहीत. पाडवा आणि भाऊबीज होताच, शहात्तराव्या वर्षी, काकींना सोबत घेऊन त्यांनी मिरजेहून हुबळीची गाडी धरली.

दुकानात पुतण्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि बराच वेळ तो वजनकाट्याशी उगाच काहीतरी करत राहिला. शेवटी म्हणाला, "चूक माझी आहे अण्णा. मी एकदा विचारायला हवं होतं."

"तुझी कशी?" अण्णा म्हणाले. "वाचणाऱ्यानं कशाला विचारायचं? विचारायचं काम लिहिणाऱ्याचं. आपल्याकडे लिहिणारा होता तोवर तो विचारत होता." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आणि सही करणाऱ्यानं आधी वाचायचं. ते माझं काम होतं. मी वाचलं नाही."

सांगलीला परतल्यावर अण्णांनी यंत्र बंद करायला सांगितले नाही. त्यांनी दिवाणजींची जागा भरली. मिरजेत घरी बसून व्याख्याने, मुलाखती, वकिलांची टिपणे उतरवून देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा दर मुद्रणाच्या मिनिटावर होता. स्वच्छ आवाजाचे एका तासाचे बोलणे नीट उतरवायला सरावलेल्या हातालाही साधारण चार तास लागतात, आणि चार माणसे एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त, हे त्यांनी आधीच सांगितले. त्याही यंत्राचा कच्चा मजकूर वापरत, मात्र तो ओळीओळीने मुद्रणाशी ताडून पाहत. व्यवहारातले शब्द त्यांनी पेढीकडून आधीच यादीने मागून घेतले: बारदान, तोलाई, हमाली, वटाव, पेव. गुप्ततेची हमी त्यांनी लिहून दिली आणि काम पोचल्याचे कळताच मुद्रण आपल्याकडून पुसून टाकण्याचेही त्यात नमूद केले.

त्यांच्याकडून आलेल्या पहिल्या मजकुरात चौदा ठिकाणी कंसात 'अस्पष्ट' असे लिहून वेळ घातलेली होती. धाकटा मुलगा वैतागला. "चौदा ठिकाणी अस्पष्ट? मग पैसे कसले मोजतोय आपण?"

"त्या चौदा जागांचेच," अण्णा म्हणाले.

त्यानंतर घराने काही रीती पाळायला सुरुवात केली. बैठकीच्या आरंभी मुद्रण चालू आहे हे सांगून सर्वांची संमती घ्यायची. दोघांनी एकदम बोलायचे नाही, आणि बोलणाऱ्याचे वाक्य संपल्याखेरीज दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही. प्रत्येकाने आपापल्या यंत्रापाशी बसायचे, एका खोलीत पाच जणांनी एका फोनभोवती नाही. आकडा दोन प्रकारे सांगायचा: पावणेचौदा, म्हणजे तेरा हजार सातशे पन्नास. निर्णय झाला की अध्यक्षाने तो एका सरळ वाक्यात पुन्हा सांगायचा, आणि त्या वाक्यात दोन 'नाही' येऊ द्यायचे नाहीत. मजकूर आपोआप कोणालाही जायचा नाही. सुनेने वाचावा, अण्णांनी पाहावा, मग पाठवावा. सर्वांची दुरुस्ती येईपर्यंत मूळ मुद्रण पुसायचे नाही.

शीतगृहाची खासगी कंपनी स्थापन झाली तेव्हा सनदी लेखापालांनी जे सांगितले ते ऐकून अण्णांना गंमत वाटली. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे सभेचे कार्यवृत्त ३० दिवसांच्या आत तयार होऊन नोंदवहीत बांधले जावे लागते. संचालकांची सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून झाली तर २०१४ च्या नियमांनुसार तिचे मुद्रण जपावे लागते, कार्यवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सर्व संचालकांकडे पाठवावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत किंवा मंडळाने ठरवलेल्या वाजवी मुदतीत प्रत्येकाने तो बरोबर आहे की त्यात काही दुरुस्ती हवी हे कळवायचे असते. अण्णा म्हणाले, "म्हणजे 'असंच लिहू?' हा प्रश्न सरकारनंही कायद्यात घातलाय." रविवारची बैठक कोणत्याही कायद्याखाली येत नाही. तरीही सात दिवसांची मुदत त्यांनी तिलाही लावली. भागीदारांना जे मिळते ते भावाच्या मुलाला का मिळू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता दर बुधवारी मजकूर तयार होतो. तो कोरा-करकरीत दिसत नाही. कुठे 'अस्पष्ट', कुठे सुनेने पेन्सिलीने विचारलेला प्रश्न, कुठे एकाच शब्दापुढे दोन पर्याय. अखेरीस, जुन्या बिलांच्या तळाशी असे तशी, एक ओळ असते: 'चूकभूल द्यावी घ्यावी.' पूर्वी ती ओळ छापखाना न सांगता टाकत असे आणि ती कोणी वाचत नसे. ती शोभेसाठी नसते, देणाऱ्याने चूक कबूल करावी आणि घेणाऱ्याने ती विचारावी असा तो दोघांतला करार असतो, हे या घराला आता पुरते ठाऊक झाले आहे.

नव्या रीतीने तयार झालेला पहिला मजकूर हुबळीला गेला तेव्हा सातव्या दिवशी तो परत आला. पुतण्याने बसून शेवटपर्यंत वाचला होता. बेदाण्याच्या पेट्यांच्या संख्येत त्याने एक दुरुस्ती सुचवली होती आणि ती रास्त होती. शेवटच्या पानावर त्याच्या स्वतःच्या नावापुढे 'अस्पष्ट' अशी खूण होती; निरोप घेताना सगळे एकदम बोलत असल्याने ते वाक्य बाईंना लागले नव्हते. ती खूण त्याने एका रेघेने खोडली होती आणि वर आपल्या हाताने लिहिले होते, 'गुढीपाडव्याला आम्ही सगळे सांगलीला येतो.'

सुनेने ते वाक्य अण्णांना वाचून दाखवले आणि पक्की प्रत करण्यापूर्वी विचारले, "असंच लिहू?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "असंच लिही."